जवाच्या जनुकांवरचं संशोधन आणि विदर्भातलं वावर : कामाचं काय, बिनकामाचं काय?

रब्बी_खातं

आधी नावाचा घोळ मिटवून घेऊ. हा धागा जवाचा आहे, जवसाचा नाही. आपल्याकडे 'जव' म्हटलं की निम्म्या लोकांना जवसाची चटणी आठवते आणि 'सातू' म्हटलं की उरलेल्यांना भाजक्या पिठाची पुडी. इथे विषय गव्हाच्या भावकीतल्या, लांब कुसळांच्या ओंबीच्या पिकाचा.

जनुकशास्त्रवाल्यांचं हे लाडकं पीक आहे. गव्हात गुणसूत्रांच्या २१ जोड्या आणि बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती, त्यामुळे एक बिघडली तरी बाकीच्या दोन काम चालवून नेतात. जवात ७ जोड्या आणि एकच संच. जनुक बिघडलं की झाडावर लगेच दिसतं. जनुकसंच मात्र अवाढव्य, सुमारे ५ अब्ज अक्षरांचा, भाताच्या बारापट, आणि त्यातला चार पंचमांशाहून जास्त भाग पुन्हा पुन्हा तेच लिहिलेला. २०१२ मध्ये पहिला आराखडा आला, २०१७ मध्ये 'मोरेक्स' या अमेरिकी वाणाचं नीट जुळवलेलं वाचन, २०२० मध्ये २० वाण शेजारी-शेजारी ठेवून तुलना आणि २०२४ मध्ये ७६ वाणांची.

या ढिगाऱ्यातून विदर्भात काय उचलायचं, हा प्रश्न आहे. बहुतेक जण 'दुष्काळ सहन करणारं जनुक' शोधत बसतात. माझ्या मते आधी फुलोऱ्याची वेळ ठरवणारी जनुकं वाचावीत, कारण आपल्याकडे जवाचा घात बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या उन्हात होतो.

पाच नावं लक्षात ठेवा.

व्हीआरएन-एच१ आणि व्हीआरएन-एच२ : हिवाळी प्रकाराच्या जवाला कित्येक आठवडे कडक थंडी लागल्याशिवाय ओंबी धरायची परवानगीच मिळत नाही. आपली थंडी त्याला पुरत नाही. असं बी पेरलं तर गवताचा गच्च बुंधा होतो, कांडी धरत नाही, आणि माणूस खताला दोष देत बसतो. 'हिरव्या रसासाठी' म्हणून ऑनलाइन विकलं जाणारं, वाणाचं नाव नसलेलं बी दाण्यासाठी पेरू नये ते यामुळेच. भारतातले वाण वसंती प्रकारचे आहेत, त्यांना ही अट नाही.

पीपीडी-एच१ : हे जवाच्या सात गुणसूत्रांपैकी (१ एच ते ७ एच) २ एचवर, २००५ मध्ये सापडलं. दिवस मोठा झाला की फुलोरा लवकर आणतं. युरोपातल्या वसंती वाणांमध्ये ते मुद्दाम 'मंद' निवडलेलं असतं, कारण तिकडे उन्हाळा लांब आणि थंड, उशिरा फुललं तरी दाणा जास्त भरतो. आपल्याकडे उलट. नागपूरला २१ डिसेंबरचा दिवस जेमतेम १० तास ५० मिनिटांचा, आणि १२ तासांचा दिवस उगवेपर्यंत मार्च अर्धा संपतो. म्हणजे या जनुकाला जागं करणारा मोठा दिवस आपल्या पिकाच्या आयुष्यात येतच नाही.

पीपीडी-एच२ : हे १ एचवर, यालाच एफटी३ म्हणतात. छोट्या दिवसांतही ओंबी धरायला लावतं. आपल्या अक्षांशाला कामाचं हे.

ईएलएफ३ : वनस्पतीच्या दैनिक घड्याळाचा भाग. ते निकामी झालेले वाण दिवस किती मोठा याची पर्वा न करता लवकर फुलतात. स्कॅंडिनेव्हियात छोट्या उन्हाळ्यासाठी अशीच उत्परिवर्तनं निवडली गेली. २०१७ च्या एका जर्मन अभ्यासात दिसलं की तापमान चढवल्यावर पीपीडी-एच१ मंद असलेल्या झाडांचा ओंबीचा विकास रेंगाळतो आणि दाण्यांची संख्या घटते. तेच जनुक जोमदार असलं किंवा ईएलएफ३ निकामी असलं, तर दाणे टिकून राहतात.

हिशोब असा मांडा. दाणा भरायला ३० ते ३५ दिवस लागतात आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारचा पारा ३३ ते ३५ वर जातो. त्या तापमानाला दाण्यात स्टार्च बनवणारी यंत्रणा मंदावते. म्हणजे फुलोरा २० जानेवारीच्या आत उरकायला हवा.

---

गुणसूत्र_सात

चांगली सुरुवात. एक दुरुस्ती नव्हे, भर. जवाचा फुलोरा गव्हासारखा बाहेरून दिसत नाही. बहुतेक वाणांत परागण ओंबी पोटरीत, म्हणजे वरच्या पानाच्या आवरणात असतानाच उरकतं. ओंबी पूर्ण बाहेर आलेली पाहून 'आज फुललं' असं लिहून ठेवाल तर तारीख कित्येक दिवसांनी चुकलेली असेल. झाडोक्स पट्टीवर (धान्यपिकाच्या वाढीच्या अवस्थांना आकडे देणारी पट्टी) ४९ ही अवस्था, म्हणजे पोटरीच्या तोंडातून कुसळांची टोकं १–२ सेंटिमीटर डोकावतात तो दिवस, हीच फुलोऱ्याची तारीख धरायची. निम्म्या झाडांवर कुसळं दिसली की तारीख टाका.

पेरणी १० नोव्हेंबरच्या आसपास झाली आणि वाण लवकरचा असेल तर कुसळं साधारण ६०–६५ दिवसांत दिसावीत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. सोयाबीन निघाल्याबरोबर ऑक्टोबरमध्येच उरकून टाकू म्हणाल तर तेही नको. जमीन तापलेली असते, झाड घाईत पुढच्या अवस्थेत जातं, फुटवे कमी आणि ओंबी आखूड. पऱ्हाटी उपटून डिसेंबरच्या शेवटी पेरणाऱ्यांनी तर जवाच्या दाण्याचा नाद सोडावा, चाऱ्यापुरतं ठीक.

---

पूर्णाकाठ

लेख वाचले की सगळीकडे एकच वाक्य असतं, 'जव हे सर्वांत क्षारसहनशील धान्य'. मग अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात गव्हाऐवजी जवच का लावू नये? हरभरा तिथे खारं पाणी दिलं की पिवळा पडतो. त्या वाक्यात कुठे पाणी मुरतंय का, तेवढं सांगा.

---

मातीपरीक्षक

वाक्य खरं आहे, पण अर्धं. आकडे बघा. जमिनीच्या संपृक्त अर्काची (चिंब भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप, ८ डेसिसीमेन्स प्रति मीटर होईपर्यंत जवाचं उत्पादन घटत नाही, त्यानंतर प्रत्येक एका डेसिसीमेन्सला साधारण ५ टक्के घट. गव्हाचा उंबरठा ६, आणि पुढची घट ७ टक्क्यांच्या वर. हा झाला वाढलेल्या पिकाचा हिशोब. उगवणीच्या वेळी जव बराच नाजूक असतो, ४–५ च्या पुढेच विरळ उगवतो.

इथे दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली, प्रयोगशाळेच्या कागदाची. आपल्या माती अहवालात वाहकता बहुधा १ भाग माती आणि २.५ भाग पाणी अशी मोजलेली असते. वरचे ८ आणि ६ हे संपृक्त अर्काचे आहेत. भारी काळ्या मातीत अहवालातला आकडा अंदाजे तिपटीने वाढवून मगच तुलना करा. अहवालात २ दिसले म्हणून निर्धास्त राहू नका, ते ६ च्या घरात असतात.

दुसरी मोठी. पूर्णा खोऱ्याचं दुखणं नुसत्या क्षारांचं नाही, ते सोडियमचं आहे. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम चिकणमाती फुगवतो, पाणी खाली जात नाही. सर्वसाधारण पुस्तकात विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण म्हणतात. पूर्णेच्या काळ्या मातीवर झालेल्या अभ्यासांत ५ टक्क्यांपासूनच निचरा बिघडलेला दिसला. आणि साचलेलं पाणी जवाला गव्हापेक्षा जास्त बाधतं. म्हणजे क्षाराच्या परीक्षेत पास आणि निचऱ्याच्या परीक्षेत नापास.

म्हणून क्रम असा : विहिरीचं पाणी तपासा. उर्वरित सोडियम कार्बोनेट २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर असेल तर त्या पाण्यावर जव काय, काहीच लावून जमीन बिघडवू नका. संरक्षित पाणी शेततळ्याचं द्या. माती अहवालात जिप्समची गरज काढून घ्या, जिप्सम मृगाआधी टाका म्हणजे सुटलेला सोडियम पावसाळ्याच्या पाण्याबरोबर खाली जाईल. रब्बीच्या तोंडावर टाकलेलं जिप्सम नुसतं पडून राहतं.

---

गुणसूत्र_सात

यातली जनुकांची बाजू मजेशीर आहे. गहू सोडियमला पानात जाऊच देत नाही. एचकेटी१;५ हे वाहक प्रथिन मुळाच्या वाहिनीतून सोडियम परत ओढून घेतं. जव बराचसा सोडियम पानात येऊ देतो आणि पेशीच्या पोकळीत कोंडून ठेवतो. म्हणून पानातला सोडियम मोजून जवाचा वाण चांगला की वाईट ठरवता येत नाही, आणि या एचकेटी१;५ वर जवात झालेले अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे खारं पाणी लागल्यावर मूळ स्वतःचं पोटॅश किती धरून ठेवतं. ज्या वाणाच्या मुळातून पोटॅशियम कमी गळतं तो टिकतो, हे अनेक वाणांवर दिसलेलं आहे.

ही तपासणी घरी होत नाही, पण उगवणीची होते. गोणपाटाचे तीन तुकडे घ्या. एक आरओच्या पाण्यात भिजवा, दुसरा तुमच्या विहिरीच्या, तिसरा विहिरीच्या पाण्यात प्रति लिटर ३ ग्रॅम मीठ घालून. प्रत्येकावर १०० दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, सुकू देऊ नका, पण पाणीही साचू देऊ नका. सातव्या दिवशी उगवलेले मोजा आणि १० कोंबांची लांबी मोजा. विहिरीच्या पाण्यावर उगवण आरओच्या तुलनेत ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बियाणं सव्वापट करा आणि पेरणी पावसाच्या ओलीवर किंवा गोड्या पाण्याच्या ओलितावर करा. खारं पाणी लागलंच तर ३० दिवसांनंतर.

एक खबरदारी. मळणी होऊन महिनाही झाला नाही असं बी घेतलं तर आरओमध्येही नीट उगवेलच असं नाही. जवाला सुप्तावस्था असते. ५ एचवरची क्यूएसडी१ आणि एमकेके३ ही दोन जनुकं ती ठरवतात. आपला मे महिना कोठीतल्या बियाची सुप्तावस्था आपोआप मोडतो. ताजं बी तपासायचंच असेल तर ओलं करून ५–७ दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग मोजा.

---

पूर्णाकाठ

आरडी २५५२ चं नाव क्षारपड जमिनीसाठी ऐकलंय. आणि एनडीबी ११७३.

---

मातीपरीक्षक

दोन्ही नावं बरोबर, पण दोन्हींची शिफारस उत्तरेकडच्या मैदानी क्षारपड जमिनींसाठीची. तिथली माती गाळाची, आपली फुगणारी काळी. वाण आणा, पण आधी दोन गुंठ्यांवर. आणि पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा, सोयाबीनचं बीबीएफ यंत्र आता बऱ्याच गावांत आहे. सपाट वाफ्यात पाणी दिलं की खालच्या कडेचं जव आठवड्याभरात पिवळं पडतं. जमिनीतला प्राणवायू संपतो, लोह आणि मँगनीज विरघळून मुळांना बाधतं, नत्र हवेत उडून जातं. लोक युरिया टाकतात, तो पण उडतो.

---

धुऱ्यावरचा

पाणी साचलं तरी तग धरन असं जवाचं जीन भेटलं नाही का हो अजून? भाताचं तं भेटलं म्हणते.

---

गुणसूत्र_सात

सापडलंय, पण दुकानात नाही. ४ एच गुणसूत्रावर एक जागा आहे, ती असलेल्या झाडाच्या मुळात पाणी साचल्यावर हवेच्या नळ्या लवकर तयार होतात. दुसरं काम इंग्लंडातलं, २०१६ चं : पीआरटी६ हे जनुक दाबलं की प्राणवायू कमी झाल्याची सूचना देणारी प्रथिनं नष्ट होत नाहीत आणि झाड पाण्यात जास्त टिकतं. ती झाडं जनुक-बदललेली आहेत, वाण म्हणून आपल्याकडे येणार नाहीत. तूर्तास बीबीएफची सरी हेच आपलं पीआरटी६.

---

धुऱ्यावरचा

बरं भाऊ, आता माह्या कामाचं इचारतो. ढोराईले चारा कापाचा आन मंग त्याच फुटीवर दानेबी घ्याचे, असं दोन्ही जमते का? राजस्थानात करते म्हणते.

---

चारावही

दादा, याचं उत्तर कॅलेंडरात नाही, झाडाच्या पोटात आहे. जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

राजस्थान-हरियाणात दुहेरी उपयोगाच्या वाणांसाठी, उदाहरणार्थ आरडी २०३५ किंवा आरडी २७१५, शिफारस असते की पेरणीनंतर ५०–५५ दिवसांनी चारा कापा, पाणी आणि नत्र द्या, पुन्हा फुटू द्या. तिथे डिसेंबर-जानेवारी गार असतो, झाड ५५ दिवसांनीही जमिनीलगत बसलेलं असतं. वाढीचा कोंब, म्हणजे पुढे ज्याची ओंबी होणार तो पांढरा ठिपका, विळ्याच्या खाली सुरक्षित असतो. आपल्याकडे झाड जास्त उबेत वाढतं, तीच अवस्था ४० दिवसांच्या आसपास ओलांडली जाते. ५५ व्या दिवशी कापलं की चाऱ्याबरोबर ओंब्याही गोठ्यात.

म्हणून ३० व्या दिवसापासून दर चार दिवसांनी हे करा :

वावराच्या वेगवेगळ्या भागांतून १० झाडं मुळासकट उपटा. मुख्य फुटवाच घ्या, बाजूचे काढून टाका. दाढीच्या पात्याने मुळापासून वर सरळ उभा छेद घ्या, दोन फाका करा. आत फुटव्याच्या बुडापासून कोंबाच्या टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. १ सेंटिमीटरच्या आत असेल तर कांडी धरलेली नाही. १ सेंटिमीटर झालं की झाडोक्स ३० लागली, आता घाई करा. पहिलं पेर हाताला लागू लागलं की दाण्यासाठीची कापणी संपली.

भिंग असेल, साधं १० पटीचं, तर त्या ठिपक्याकडे नीट बघा. दोन-दोन कडांच्या रेषा एकावर एक दिसतात ती दुहेरी कड्यांची अवस्था, म्हणजे ओंबी ठरायला सुरुवात झाली. पुढे कुसळांचे कोंब दिसू लागले की त्यानंतर नवीन कणसुलं (ओंबीतली दाण्यांची घरं) तयार होत नाहीत. जवाची ओंबी गव्हासारखी टोकाला एक शेवटचं कणसुल करून थांबत नाही. ती पुढे पुढे वाढत राहते आणि मग टोकाकडचा तिसरा हिस्सा ते निम्मी कणसुलं झाडच मारून टाकतं. ही टोकमर किती व्हावी, यावर गेल्या काही वर्षांत बरंच काम चाललंय, कारण मरणाऱ्यांतली थोडी वाचली तरी उत्पादन वाढतं. आपल्यासाठी अर्थ एवढाच की या दहा-पंधरा दिवसांत पाण्याचा किंवा नत्राचा ताण बसला तर ओंबी आखूडच राहते, नंतर कितीही पाणी पाजा.

कापायचंच ठरवलं तर बुडखा ६–७ सेंटिमीटर ठेवा, जमिनीशी घासून नको. त्याच दिवशी पाणी, आणि वापसा येताच एकरी १० किलो नत्र, म्हणजे २२ किलो युरिया. पण स्पष्ट सांगते, आपल्याकडे कापणीनंतर फुलोरा लांबतो आणि दाणा फेब्रुवारी अखेरच्या उन्हात सापडतो. माझं मत : एक तर चारा, नाही तर दाणा. चाऱ्यासाठी पोटरी ते दुधाळ अवस्थेत एकदाच कापा. कुसळं कडक झाली की जनावरांच्या तोंडात, हिरड्यांत रुततात. आणि युरिया टाकून लगेच पाण्याचा ताण पडलेलं जव हिरवं घालू नका, त्यात नायट्रेट साठतं. पाणी दिल्यावर आठवडाभर थांबून मग कापा, कुटारात मिसळून घाला.

---

धुऱ्यावरचा

ताई, हे बेस सांगतलं. पात्यानं चिरून पाहाची गोष्ट कोनी सांगतच नाही.

---

एकपाणी

सगळं ओलिताचंच चाललंय. कोरडवाहूचं कोण बोलणार? 'जव दुष्काळात तरतो' हे तरी खरं का?

---

गुणसूत्र_सात

खरं, पण त्यात जनुकापेक्षा लवकर पिकून पळ काढण्याचा वाटा मोठा. तरी तीन कामं सांगण्यासारखी आहेत.

इस्राएलमधल्या जंगली जवातून पी५सीएस१ या जनुकाचा जुना प्रकार लागवडीच्या जवात आणला गेला (२०१८). ताणात प्रोलीन जास्त साठतं, पानं हिरवी राहतात. हे संकरानं आलंय, त्यामुळे पैदासकाराला वापरता येतं.

दुसरं ब्रिटनमधलं, २०१७ चं : ईपीएफ१ वाढवून पानावरची रंध्रं निम्म्याहून कमी केली, तरी उत्पादन फारसं घटलं नाही, पाणी वाचलं. ही जनुक-बदललेली झाडं, आणि कुंडीतली. आपल्या उन्हात रंध्रं कमी म्हणजे पान गार ठेवायला घामही कमी, हे त्या प्रयोगात तपासलेलं नाही. मला यावर शंका आहे.

तिसरं मुळांचं. ईजीटी१ आणि ईजीटी२ ही जनुकं निकामी झाली की मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात (२०२१–२२). काळ्या खोल जमिनीत पावसाळ्याची ओल खालीच असते, तिथे हा गुण उपयोगी पडावा. यवतमाळच्या बरडावर, जिथे फूटभराखाली मुरूम लागतो, तिथे सरळ खाली जाऊन मूळ करणार काय?

एकच पाणी असेल तर ते ३० ते ३५ व्या दिवशी, मुकुटमुळं फुटून कांडी धरायच्या तोंडावर. दोन असतील तर दुसरं पोटरीत. दाणा भरताना दिलेलं पाणी संध्याकाळी, वारा पडल्यावर, हलकं. नाही तर ओंब्यांचं ओझं घेऊन पीक लोळतं.

---

रब्बी_खातं

खताचा आकडा कुणी दिला नाही, देऊन टाकतो. ओलिताच्या जवाला हेक्टरी ६० नत्र, ३० स्फुरद, २० पालाश. एकरी म्हणाल तर पेरताना डीएपी २६ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश १३ किलो आणि युरिया १६ किलो. पहिल्या पाण्याबरोबर युरिया २६ किलो. खारपाणपट्ट्यात म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, क्लोराइड आधीच भरपूर आहे. बियाणं एकरी ४० किलो, ओळी २२.५ सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर. गव्हाला देता तेवढं नत्र जवाला दिलं तर तो उभा राहत नाही. जवाचे कित्येक बुटके वाण एसडीडब्ल्यू१ या जनुकामुळे आहेत, पण भारतीय सहा-ओळी (ओंबीवर दाण्यांच्या सहा उभ्या ओळी असलेल्या) वाणांपैकी बरेच उंच आणि लवचीक काडाचे.

---

वखरपाळी

बिअर कंपन्यांसाठी करार-शेती असते म्हणे. भाव चांगला देतात. विदर्भात जमेल?

---

रब्बी_खातं

मला नाही वाटत. माल्टच्या जवाला प्रथिनं ९ ते ११ टक्के हवीत, दोन-ओळी वाणाचे ९० टक्के दाणे २.५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहायला हवेत. उन्हात भरलेल्या दाण्यात आधी स्टार्च कमी पडतं, नत्र तेवढंच राहतं. म्हणजे दाणा बारीक आणि प्रथिनं १२–१३. दोन्ही अटींवर माल परत. करार करणाऱ्यांनी 'नाकारलेल्या मालाचं काय' हे कलम आधी वाचावं. साध्या जवाची हमी किंमत २०२५-२६ च्या विपणन हंगामाला क्विंटलमागे १,९८० रुपये होती, गव्हाची २,४२५. जिथे गहू नीट येतो तिथे जव लावण्याचं कारण मला दिसत नाही.

---

चारावही

खाण्याच्या जवाचं गणित वेगळं आहे. नेहमीच्या जवाचं टरफल दाण्याला डिंकासारखं चिकटलेलं असतं. एनयूडी नावाचं जनुक दाण्याच्या सालीवर स्निग्ध थर तयार करतं, त्याने ते चिकटतं. ७ एचवरचा १७ हजार अक्षरांचा तुकडा गळाला की जनुक गेलं, थर गेला, आणि गव्हासारखा उघडा दाणा मिळतो. जगातल्या जवळजवळ सगळ्या उघड्या जवाचा उगम त्या एकाच गळतीत आहे. आपल्याकडचं नाव म्हणजे कानपूरचा के ११४९, 'गीतांजली'.

टरफलवाला जव असेल तर पीठ थेट दळू नका, घशाला टोचतं. दालमिलच्या एमरी रोलरवर दोन-तीन पाळ्या द्या, वजनात १५–२० टक्के घट धरा. उघडा जव असेल तर मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवा. अंकुर उघडाच असतो, तो फुटला की बियाण्याची उगवण जाते. आणि विकताना कुणी 'ग्लुटेनमुक्त' लिहीत असेल तर थांबवा. जवात हॉर्डीन असतं, सीलिॲकच्या रुग्णाला ते चालत नाही.

---

वखरपाळी

चार-पाच वाण मिसळून पेरले तर? एक फसला तर दुसरा तारेल.

---

गुणसूत्र_सात

यावर शंभर वर्षांचा प्रयोग आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिसला १९२९ मध्ये जगभरच्या २८ वाणांचे आपसांत संकर करून मिश्रण पेरलं आणि दरवर्षी त्यातलंच बी पुन्हा पेरत गेले. २०२४ मध्ये त्याचं जनुक-वाचन छापून आलं : ५० व्या पिढीपर्यंत निम्म्याहून जास्त झाडं एकाच वंशाची झाली होती, आणि निवड मुख्यतः फुलोऱ्याच्या वेळेवर झाली होती. मिश्रण मिश्रण राहत नाही, हवामान त्यातून आपला माणूस निवडतं. एका हंगामापुरतं मिसळायचं तर पक्वता चार दिवसांत बसणारे वाण घ्या, नाही तर एक ओंबी गळते आणि दुसरी हिरवी.

---

पूर्णाकाठ

रोगांचं राहिलंच. भुरीला कायमचं उत्तर देणारं एमएलओ जनुक जवातलंच ना?

---

मातीपरीक्षक

हो. १९४२ मध्ये क्ष-किरणांनी केलेल्या उत्परिवर्तनातून ते पहिल्यांदा दिसलं, नंतर इथिओपियाच्या देशी जवात नैसर्गिकही सापडलं. युरोपात कित्येक दशकं टिकलंय. पण आपल्याकडे भुरी हा मोठा रोग नाही, आपला शत्रू उबेत येणारा ठिपक्यांचा करपा. एमएलओ असलेली झाडं त्या करप्याच्या बुरशीच्या विषाला जास्त बळी पडतात, असं २००१ चं काम सांगतं. म्हणजे तिकडचं वरदान इकडे उलटण्याची शक्यता. काणीसाठी कार्बोक्सिन-थायरमची बीजप्रक्रिया पुरते, किलोला ३ ग्रॅम. मावा ज्वारीवरून येतो, पोंग्यात आणि ओंबीवर बसतो. शेजारी रब्बी ज्वारी असेल तर जानेवारीत धुऱ्याकडच्या ओळी आधी बघा. माव्याला खाणारे ढालकिडे दिसत असतील तर फवारणीची घाई करू नका.

---

रब्बी_खातं

ज्यांना यंदा करून बघायचंय त्यांच्यासाठी मांडणी. दोन वाण, तीन पेरण्या : १ नोव्हेंबर, १५ नोव्हेंबर, १ डिसेंबर. प्रत्येकी ६ ओळी, ४ मीटर लांब, म्हणजे ५.४ चौरस मीटर. बी ५४ ग्रॅम. शक्यतो प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि त्या एका ओळीत न ठेवता विखरून. नोंदवायचं काय : उगवणीची तारीख, कोंब १ सेंटिमीटर झाल्याची तारीख, कुसळं डोकावल्याची तारीख, ओंबीतले भरलेले आणि टोकाचे मेलेले दाणे (१० ओंब्या), हजार दाण्यांचं वजन. कापताना दोन्ही कडेच्या ओळी आणि टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडा, उरतं २.७ चौरस मीटर. दाणे ८१० ग्रॅम आले तर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, एकरी साधारण १२ क्विंटल.

विद्यार्थी असतील तर राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोचं केंद्र अकोल्यातच आहे आणि जवाचं मुख्य काम कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेत चालतं. नमुना बियाणं महाविद्यालयामार्फत रीतसर मागता येतं.

---

धुऱ्यावरचा

आन रोही (नीलगाई)? दोन गुंठ्याचा प्लाट तं एका रातीत साफ. जाळी मारा पयले, मंग तारखा लिवा.